एका मनोऱ्याचं कॅथेड्रल

आमचं कुलदैवत मंगेश. दर दोन-तीन वर्षांनी मंगेशीला जायचं, अग्रशाळेत उतरायचं, अभिषेक करायचा, प्रसादाचं जेवण घ्यायचं आणि परत फिरायचं, हा घरचा रिवाज मी लहानपणापासून पाहत आले. परतताना फोंड्याहून पणजीला जाणारी बस बाणस्तारीचा पूल ओलांडते आणि थोड्या वेळानं जुन्या गोव्यात शिरते. रस्त्याच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरी, अशा प्रचंड इमारती दिसायला लागतात. आम्ही मुलं खिडकीला नाक लावून बसायचो. आजी मात्र डोळे मिटून जप करत राहायची. "आपले देव ज्यांनी हलवायला लावले, त्यांची ही घरं," एवढंच ती पोर्तुगीजांबद्दल म्हणायची. आवाजात राग नसायचा, पण उतरायचं नावही निघायचं नाही.

आजीला जाऊन बारा वर्षं झाली. यंदा जानेवारीत मंगेशीचा अभिषेक आटोपून आम्ही मायलेकी बसमध्ये बसलो आणि आई म्हणाली, "या वेळी उतरू या गं. मला एकदा आतून बघायचंय." आईचं वय चौऱ्याहत्तर. पुढच्या खेपेचा भरवसा तिनं धरला नव्हता.

गांधींच्या पुतळ्याच्या चौकात उतरलो. गर्दीचा ओढा साहजिकच बॉम जेझू बॅसिलिकेकडे होता. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह तिथे आहे, आणि गोव्यातली माणसं, त्यात हिंदूही आले, त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. सहलीच्या बसगाड्या तिकडेच रिकाम्या होत होत्या. आम्ही रस्ता ओलांडून हिरवळीपलीकडच्या पांढऱ्या इमारतीकडे निघालो. तीच से कॅथेड्रल. ‘से’ म्हणजे धर्मगुरूचं आसन, गादी. गोव्याच्या आर्चबिशपची गादी इथली, म्हणून ही नुसती इगर्ज, म्हणजे चर्च, नव्हे, कॅथेड्रल.

समोर उभं राहिलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते तिचं अपुरेपण. डाव्या हाताला मनोरा आहे, उजव्या हाताला मोकळं आकाश. मुळात दोन मनोरे होते. उत्तरेकडचा १७७६ मध्ये कोसळला. वीज पडून कोसळला असं सांगतात. तो पुन्हा बांधला गेला नाही. बांधणार तरी कोण आणि कोणासाठी? साथीच्या रोगांनी शहर तोवर ओस पडत आलं होतं. व्हाइसरॉय १७५९ मध्येच पणजीला राहायला गेला होता. ज्या शहराच्या दिमाखासाठी हे बांधलं, ते शहर भोवतालून विरून गेलं आणि कॅथेड्रल माडांमध्ये एकटं उरलं. अडीचशे वर्षं झाली, पण ती मोकळी बाजू अजून नजरेला टोचते. मला ती तशीच राहिलेली बरी वाटली. दुसरा मनोरा नव्यानं बांधून जोडला असता तर या जागेवर काय गुदरलं ते बाहेरून कळलंच नसतं.

आई दर्शनी भिंतीकडे बघत उभी होती. सकाळचं ऊन सरळ भिंतीवर पडलं होतं. "तोंड पूर्वेला आहे गं. आपल्या देवळासारखं." माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दाराशी तिनं सवयीनं चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "आजी, चप्पल घालून गेलात तरी चालतं." आई म्हणाली, "असू दे बाबा." मग मीही काढल्या. गार फरशीवर अनवाणी पायांनी आम्ही आत गेलो, आणि त्यानंतरचा तास-दीड तास मला जसा आठवतो, तो त्या तळपायाच्या गारव्यासकट आठवतो.

"केवढं गं हे," आई कुजबुजली. सुमारे ७६ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, हे आकडे मी वाचून गेले होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही. आलतार, म्हणजे पूजेची वेदी, दूर, पार तिकडच्या टोकाला सोन्याच्या एका पट्ट्यासारखं दिसत होतं आणि मधल्या बाकांवर जेमतेम दहा-बारा माणसं होती. भिंती पांढऱ्या, कमानी पांढऱ्या, उजेड उंचावरून येतो आणि कुठेही झगमगाट न करता खाली उतरतो. बाहेरून इमारत साधी, जवळजवळ किल्ल्यासारखी आहे. आत खांबांच्या माथ्यांवर पानांची नक्षी सुरू होते आणि पुढे सरकावं तशी ती वाढत जाते.

या कॅथेड्रलला सेंट कॅथरिनचं नाव का, ते सांगायला हवं. आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीनं विजापूरच्या आदिलशाहाकडून गोवा शहर पक्कं हिसकावून घेतलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०. तो कॅथरिनच्या सणाचा दिवस. म्हणून विजय तिच्या नावे जमा झाला. जवळच तिचं एक छोटं चॅपेलही आहे. आता दिसतं ते हे मोठं बांधकाम पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याच्या काळात १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये पुरं झालं. म्हणजे सत्तावन्न वर्षं. पायाचा चिरा बसवणाऱ्या गवंड्याचा नातू कळसापर्यंत पोहोचला असेल. सरकारी मालमत्ता विकून त्याचा खर्च भागवला गेला.

मुख्य आलतारावर कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले सहा फलक आहेत. लाकडावर सोन्याचा मुलामा. आई पुढे गेली, चष्मा पुसला आणि एकेक फलक शांतपणे बघायला लागली. मला येत होती तेवढी गोष्ट मी तिला सांगितली. अलेक्झांड्रियाची ही तरुण, शिकलेली मुलगी. रोमन सम्राटानं तिच्याशी वाद घालायला पन्नास विद्वान बसवले आणि तिनं सगळ्यांना निरुत्तर केलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचं ठरलं. चाकच मोडून पडलं. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. आख्यायिका म्हणते की देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाई पर्वतावर नेला.

"म्हणजे गार्गीच की," आई म्हणाली. मग क्षणभरानं, "गार्गीला याज्ञवल्क्यांनी फार विचारलंस तर डोकं गळून पडेल म्हणून गप्प केलं. हिचं खरंच उतरवलं."

त्या फलकांच्या भोवती लाकडात कोरलेली पानं बघताना मला दुसराच विचार सुटत नव्हता. ही पानं कोणी कोरली असतील? आराखडे पोर्तुगालच्या धर्तीवरचे, पण हात कोणाचे? गोव्यात १५६७ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेनं नियम केला होता की ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती आणि वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत. असे हुकूम पुढेही निघत राहिले. एकच हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता. काम येत होतं ते इथल्या चाऱ्यांना, म्हणजे सुतारांना, सोनारांना, चिताऱ्यांना. गोव्याच्या कितीतरी इगर्जींत प्रवचनाच्या सज्जाखाली नागिणींसारख्या, कमरेखाली वेलीत मिसळून गेलेल्या आकृती आहेत. त्या लिस्बनहून आलेल्या नाहीत. सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या वस्तू बघितल्या तर ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

कल्पना करून बघा. देऊळ पाडलेलं, देव नदीपार नेलेला, आणि हातात पटाशी घेऊन माणूस परक्याच्या देवाचं घर सजवतो आहे. पोटासाठी असेल, धाकानं असेल. पण जे पान कोरलं ते वाईट कोरलं नाही. मी इतक्या जवळून ती पानं पाहिली, कुठेही हात चुकवल्याची, टाळाटाळ केल्याची खूण दिसली नाही. त्या कारागिरांची नावं मला माहीत नाहीत, तरी मी त्या दिवशी मनातून नमस्कार केला तो आधी त्यांना.

दोन्ही बाजूंना चॅपेलं आहेत. त्यातल्या एकात चमत्कारांचा क्रूस आहे. बोआ व्हिश्ता टेकडीवरच्या या लाकडी क्रुसावर १६१९ मध्ये ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि क्रूस हळूहळू वाढतो, अशी श्रद्धा आहे. आईला त्यात नवल वाटलं नाही. वाढणारी पिंड आपल्याकडे गावोगाव असते. दाराजवळच्या चॅपेलमध्ये १५३२ सालचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे. झेवियरनं लोकांना बाप्तिस्मा दिला तो यातल्या पाण्यानं, असं मानतात. मी त्या पात्रापाशी जरा जास्त रेंगाळले. आमच्याच रक्ताची, आमच्याच आडनावांची किती माणसं या पात्रापुढे वाकली असतील आणि उठताना वेगळं नाव घेऊन उठली असतील. काही आपखुशीनं, काही जमीन वाचवायला, काही भीतीनं. जी वाकली नाहीत ती रातोरात होड्यांत बसली. दोघांच्याही घरी त्या दिवशी रडारड झालीच असणार.

मंगेशाचं मूळ ठिकाण कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. १५६० मध्ये लिंग जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आणलं. प्रियोळ अंत्रुज महालात, आणि तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आजीचा जप आणि डोळे मिटणं त्या रात्रीपासून चालत आलेलं होतं.

आई एका बाकावर टेकली. शेजारी एक म्हातारी बाई हातात मणी घेऊन तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होती. तिचं संपेपर्यंत आम्ही गप्प बसलो. तिनं मणी पिशवीत ठेवले आणि आईच्या अनवाणी पायांकडे बघून हसली.

"तुमी खंयच्यो?"

आईला मोडकीतोडकी कोंकणी येते. "मुंबयच्यो. मंगेश आमचो कुळदेव. ताका भेटूंक आयिल्ल्यो."

"मंगेश?" बाई म्हणाली. "तो आमच्या गांवचो. हांव कुठ्ठाळीची."

तिनं ते अगदी सहज सांगितलं. एखाद्या परगावी स्थायिक झालेल्या माणसाबद्दल सांगावं तसं, आमच्या आळीतला तो, आता तिकडे असतो. आईनं काही न बोलता तिचा हात हातात घेतला. मग दोघी गुडघ्यांच्या दुखण्याबद्दल आणि नारळाच्या भावाबद्दल बोलत बसल्या. मी उठून लांब जाऊन उभी राहिले. मला बोलवेना.

साडेबाराच्या सुमारास घंटा झाली. उरलेल्या मनोऱ्यातली ही घंटा ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाते. ती सोन्याची नाही, नादाला सोन्याचं मोल दिलं आहे. १६५२ मध्ये कुंकळ्ळीत ओतलेली. नाद खोल, जाड, आणि विरता विरता गुंजत राहणारा. बाकावरची सगळी माणसं थांबली. आईनं हात जोडले.

ज्या कुंकळ्ळीत ही घंटा ओतली, तिथल्याच गावकऱ्यांनी १५८३ मध्ये देवळं पाडल्याच्या संतापानं पाच जेझुइटांना ठार केलं होतं. ती प्रेतं परत आणायला गेलेल्यांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री होता. तोच आपला फादर स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला. त्यानंच पुढे मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, आणि गोव्यातल्या साष्टीच्या इगर्जींत लोक ते ऐकायचे. नवख्रिस्ती माणसाला पुराण ऐकायची सवय होती, ओवी कानात होती, म्हणून येशूची कथा त्याला ओवीतून सांगायला हवी, हे या परदेशी माणसाला कळलं. आपल्या भाषेला त्यानं किती जीव लावला ते ज्यांनी वाचलं त्यांना माहीत आहे. तो वारला १६१९ मध्ये, ज्या साली हे कॅथेड्रल पुरं झालं. शाळेत मराठी शिकवताना मी स्टीफन्सचं नाव किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. पण तो ज्या काळात, ज्या जुलमाच्या शेजारी बसून लिहीत होता, तो काळ मला त्या घंटेखाली पहिल्यांदा नीट समजला.

कारण याच मोठ्या घंटेचं दुसरंही काम होतं. कॅथेड्रलच्या दक्षिणेला आता जी मोकळी हिरवळ आहे, तिथे इन्क्विझिशनचा वाडा होता. आधी आदिलशाहाचा राजवाडा, मग हे. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणायचे, मोठं घर. नाव उच्चारायचीही भीती असली की माणसं असं काहीतरी साधं नाव ठेवतात. १५६० मध्ये हे धर्मन्यायालय गोव्यात आलं आणि मधला काही काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्यानं इथली कोठडी भोगली आणि सुटल्यावर १६८७ मध्ये पुस्तक लिहिलं. शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी सूर्योदयाआधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजायची आणि शहर जमा व्हायचं, असं त्यात आहे. या सगळ्याचा कागदोपत्री धांडोळा घेतला तो अ. का. प्रियोळकरांनी. त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये आला. प्रियोळकर, म्हणजे जिथे मंगेश आला त्याच गावचे. आणि त्याच माणसानं गोव्यातल्या ख्रिस्ती पाद्र्यांच्या मराठीचा, तिथल्या पहिल्या छापखान्याचाही तितक्याच आस्थेनं अभ्यास केला. जखम आणि देणं दोन्ही मोजायचं, एकाखाली दुसरं झाकायचं नाही, ही रीत मी त्यांच्याकडून घेतली आहे.

त्या हिरवळीवर त्या दिवशी एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं, मुलं पकडापकडी खेळत होती. व्हडल्या घराचा एक चिराही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात ते पाडून टाकलं. तिथे काय होतं ते सांगणारी पाटी मला दिसली नाही. ती असायला हवी. कोणाला दुखवायला म्हणून नको, पण जिथे माणसांचे हाल झाले तिथे दोन ओळी लिहिलेल्या असाव्यात.

बाहेर पडून आम्ही इमारतीच्या कडेकडेनं चालत गेलो. एके ठिकाणी चुन्याचा गिलावा सुटला होता आणि आतून लाल जांभा दिसत होता. आईनं तिथे हात ठेवला. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिच्या वडिलांचं घर, विहिरीचा कठडा, गडगा, सगळं याच दगडाचं. "हा आपला चिराच आहे गं," ती म्हणाली. "वरून पांढरा केलाय."

मी पुस्तकांतून, कोरीव पानांतून, सालांची बेरीज करून जिथे पोहोचायला बघत होते, तिथे ती तळहातानं पोहोचली. कॅथेड्रलला लागूनच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे. त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. तिथे व्हाइसरॉयांची चित्रं ओळीनं लावलेली आहेत, आणि त्याच छपराखाली कदंबकाळातले वीरगळ, सतीशिळा, देवांच्या भंगलेल्या मूर्ती उभ्या आहेत. हे संग्रहालय चुकवू नये. कॅथेड्रल बघून झाल्यावर लगेच बघावं, म्हणजे त्या जमिनीचे थर कळतात.

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलो की मांडवीचा धक्का. समोर दिवाडी बेट. फेरीबोट उभीच होती. चालत जाणाऱ्या आम्हा दोघींकडे कोणी पैसे मागितले नाहीत. पाण्यातून मागे वळून पाहिलं तर माडांच्या वर कॅथेड्रलचा एकटा मनोरा बराच वेळ दिसत राहिला. कदंबांचा सप्तकोटीश्वर मूळचा याच दिवाडीचा. तिथलं देऊळ पाडल्यावर त्याला पलीकडे नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला जायलाही फेरी आहे. आम्ही तीही घेतली. संध्याकाळी सप्तकोटीश्वरापुढे आई बसली होती तेव्हा तिचे पाय अजून से कॅथेड्रलच्या फरशीच्या धुळीनं पांढरट होते.

मराठी माणूस गोव्याला वारंवार जातो. बहुतेकजण बॉम जेझूत पाच मिनिटं रांगेत उभे राहतात, फोटो काढतात आणि समुद्राकडे पळतात. माझं सांगणं एवढंच, की रस्ता ओलांडून सेमध्ये जा. प्रार्थना चालू असेल तर फोन पिशवीत ठेवा आणि मागच्या बाकावर अर्धा तास बसा. आलतारावरची पानं जवळ जाऊन बघा. साडेबाराच्या सुमारास गेलात तर घंटाही ऐकायला मिळेल. मग खाली धक्क्यावर या आणि दिवाडीची फेरी धरा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जमत असेल तर त्यांना बरोबर घेऊन जा. आजीला मी नेऊ शकले नाही.